पडद्यावरचा पाठभेद



मी व्यवसायाने अनुवादक आहे. विद्युत्‌शास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. त्यामुळे जुन्या संगणकाच्या पडद्यावरील बिघाड कसा ओळखावा, या विषयावर मी बोलावे असे जेव्हा आपल्या कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. परंतु गेल्या हिवाळ्यात इंदूरला एका यंत्रासमोर आम्ही तिघेचौघे जे काही दिवस बसलो, त्यात माझ्या स्वतःच्या व्यवसायाविषयीही मला काही उमगले. तेवढ्या बळावर आज मी आपणासमोर उभी आहे.

ते यंत्र माझ्या गुरूंचे. आम्ही त्यांना सर म्हणत असू. शास्त्रीय ग्रंथांचे अनुवाद करताना त्यांनी पारिभाषिक शब्दांचा एक संग्रह वर्षानुवर्षे वाढवीत नेला होता. आरंभी तो चिठ्ठ्यांवर होता. १९९० साली त्यांनी एटी जातीचा, म्हणजे २८६ प्रक्रियकाचा, संगणक घेतला आणि साऱ्या चिठ्ठ्या त्यात उतरविल्या. एका बाजूस इंग्रजी संज्ञा आणि तिच्यापुढे मराठी प्रतिशब्द, तोही रोमन लिपीत. देवनागरी दाखविण्याची सोय त्या काळी नव्हती असे नाही. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेल्या जिस्ट तंत्राचे एक जोडकार्ड मिळत असे व ते संगणकात बसविले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. सरांनी ते घेतले नाही. ‘लिपी नंतर बदलता येईल, शब्द आधी गोळा होऊ देत,’ असे ते म्हणत. चिठ्ठ्या पुढे वाळवीने खाल्ल्या. सर गेले. उरले ते यंत्र आणि त्यातली वीस मेगाबाइटची तबकडी.

आपल्यापैकी कोणी विचारील की तबकडी काढून दुसऱ्या संगणकाला का जोडली नाही? त्या पिढीच्या तबकडीवरील मजकूर वाचण्याचे काम एक वेगळे नियंत्रक कार्ड करीत असे, आणि एका नियंत्रकाने आखलेली तबकडी दुसऱ्या बनावटीच्या नियंत्रकाला पुष्कळदा वाचता येत नसे. म्हणजे तबकडी, तिचे कार्ड आणि ते यंत्र ही त्रयी एकत्रच जिवंत करावयास हवी होती.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, यंत्रावरचे कापड काढले. कळ दाबताच पंखा फिरला आणि तीन नाद ऐकू आले. एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व. मराठीच्या विद्यार्थिनीला भ गण आठवणे साहजिकच होते. परंतु आयबीएमने आपल्या पहिल्या संगणकापासून हा संकेत पडदा-कार्डाच्या दोषासाठी योजिला होता व अनेक अनुकरण करणाऱ्यांनी तो तसाच उचलला. (सर्वांनी नव्हे. नादांची भाषा निर्मात्यागणिक बदलते. यंत्राच्या माहितीपुस्तकात ती पाहून घ्यावी.) नंतर पडदा उजळला, आणि उजळला तो डॉलरच्या चिन्हांनी भरलेला! जेथे जेथे रिकामी जागा असावयाची तेथे तेथे डॉलर. त्यांच्या गर्दीत कोठे कोठे अक्षरे दिसत होती. स्मृतीची मोजणी ६४० वर थांबावयाची ती ६४४ वर थांबली.

सरांच्या पुतण्याने मोठ्या हिकमतीने शब्दसंग्रहाची फाइल उघडली. आम्ही पाहतो तो सारे शब्द भ्रष्ट झालेले. ‘अनुवाद’ या शब्दाच्या जागी ‘एनुवेद’, ‘पद’च्या जागी ‘टेड’. काकू हळूच म्हणाल्या, ‘‘अगं, ह्यांचं सगळं नासलं का गं?’’ पुतण्याने दुरुस्तीला आरंभ केला. त्याने चुकीचा ‘ई’ पुसून तेथे ‘ए’ टंकित केला. पडद्यावर पुन्हा ‘ई’च उमटला. तेव्हा त्याने कीबोर्डही बिघडल्याचे जाहीर केले. सुदैवाने फाइल साठविण्याची आज्ञा त्याला त्या डॉलरांच्या जंगलात सापडली नाही, म्हणून त्याने यंत्र बंद केले. आजही तो क्षण आठवला की माझ्या अंगावर काटा येतो.

येथे थोडे थांबून पडद्यावर अक्षर कसे उमटते ते पाहू.

आयबीएमने १९८१च्या ऑगस्टमध्ये आपला व्यक्तिगत संगणक जाहीर केला, तेव्हा त्यासोबत दोन प्रकारची पडदा-कार्डे होती. एक केवळ अक्षरांसाठी, एकरंगी; दुसरे रंगीत चित्रांसाठी. पहिल्यावर अक्षरे सुबक पण चित्र शून्य, दुसऱ्यावर चित्र पण अक्षरे खरखरीत. १९८२ साली व्हॅन सुवन्नुकुल यांनी हर्क्युलिस कार्ड तयार केले. त्यात सुबक अक्षरे आणि ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचे एकरंगी चित्र या दोन्हींची सांगड होती. आपला डॉक्टरेटचा प्रबंध त्यांना थाई लिपीत लिहावयाचा होता आणि उपलब्ध कार्डांवर ते शक्य नव्हते, ही त्यामागची प्रेरणा. एका लिपीच्या गरजेतून निघालेले हे कार्ड पुढे जगभर नकलले गेले. सरांच्या यंत्रातले कार्डही त्याच पद्धतीचे होते. त्यावर निर्मात्याचे नाव कोठेही नव्हते.

अशा कार्डावर चार गोष्टी मुख्य असतात. पहिली कार्डाची स्वतःची स्मृती. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावतात, म्हणजे २००० जागा. प्रत्येक जागेसाठी दोन अंक साठविलेले असतात, एक अक्षर कोणते ते सांगणारा आणि दुसरा ते मंद, ठळक की अधोरेखित ते सांगणारा. दुसरी गोष्ट म्हणजे अक्षरांचे खिळे जपणारी कायम स्मृती. अंक ६५ आला तर ‘ए’चे ठिपके कसे मांडावेत हे तिला ठाऊक. तिसरा नियंत्रक, बहुधा मोटोरोलाच्या ६८४५ या घराण्यातला. कोणत्या क्षणी कोणती जागा वाचावयाची व ओळ कोठे संपवावयाची याचा ताल तो धरतो. चौथा भाग हे सारे तारेवाटे मॉनिटरकडे धाडणारा. हर्क्युलिस कार्ड हा खेळ सेकंदाला पन्नास वेळा नव्याने मांडते. आपल्याला स्थिर दिसणारे पान हे खरे पाहता अखंड चाललेले पुनर्लेखन असते.

यातला कोणता भाग बिघडला हे चुकीच्या स्वरूपावरूनच कळते. अक्षर मुळात बरोबर पण त्याचा एखादा उभा पाय सर्वत्र तुटलेला असेल, तर संशय खिळ्यांच्या स्मृतीवर घ्यावा. पान वरून खाली धावू लागले किंवा तिरक्या पट्ट्यांत फाटले, तर तालाचा संकेत कोठेतरी तुटला आहे. तो नियंत्रकात, तारेत किंवा मॉनिटरमध्येही तुटलेला असू शकतो. अंधाऱ्या पडद्याच्या मध्यावर एकच आडवी तेजस्वी रेघ उरली असेल, तर कार्डाला हात लावू नये. दोष मॉनिटरच्या उभ्या विचलनात आहे. आणि अक्षर घाटदार, पूर्ण, निर्दोष, पण भलतेच असेल, तर स्मृती खोटे बोलत आहे असे समजावे. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आपण हेच करतो. शाई फुटलेले अक्षर वेगळे आणि लेखनिकाने चुकून लिहिलेला दुसराच शब्द वेगळा.

पडदा पूर्ण काळा असेल तर काय करावे? वाचावयास काहीच नसते, म्हणून लोक सर्वाधिक घाई येथेच करतात. माझे म्हणणे असे की प्रथम यंत्राचे ऐकावे. पंखा फिरतो का, नाद होतो का, आरंभ झाल्यावर तबकडीचा दिवा लुकलुकतो का. मग अंधारातच फ्लॉपीची यादी मागणारी आज्ञा टंकित करावी. फ्लॉपीचा दिवा लागला तर समजावे की प्रक्रियक, स्मृती, कीबोर्ड सारे शाबूत आहे, आंधळा आहे तो केवळ डोळा. याउलट पंखासुद्धा फिरत नसेल, तर कार्ड काढून पाहावे. जुन्या कार्डांवरील टँटॅलमचे थेंबासारखे धारित्र वयोमानाने आतून जुळतात आणि वीजपुरवठा स्वसंरक्षणार्थ बंद पडतो. कार्ड काढताच यंत्र सुरू झाले तर गुन्हेगार सापडला.

कार्ड पुन्हा बसविणे हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण तो अनेकदा लागू पडतो, आणि त्याची कारणे आहेत. सोनेरी पट्ट्यांवर मळ बसतो व खाचेतील पितळी जिव्हा काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजविलेल्या सुती कापडाने पट्ट्या पुसाव्यात. खोडरबराने घासण्याची चाल आहे. मला ती पसंत नाही, कारण सोन्याचा मुलामा मुळातच पातळ असतो. दुसरे असे की मागचा स्क्रू आवळला म्हणजे कार्डाचे दुसरे टोक खाचेतून किंचित उचलले जाते. स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावे. यंत्रावरील निवडीच्या कळाही पाहाव्यात. आयबीएमच्या पहिल्या संगणकात कळांच्या पहिल्या संचातील पाचवी आणि सहावी या दोन्ही बंद असल्या की एकरंगी कार्ड, दोन्ही चालू असल्या की स्वतःची आज्ञावली बाळगणारे नंतरचे कार्ड, असा संकेत होता. एटी यंत्रात त्याच कामासाठी एकच कळ किंवा जोडपट्टी असे.

एक इशारा मात्र मी मोठ्याने देते. एकरंगी कार्ड, १९८१चे रंगीत कार्ड आणि १९८४चे ईजीए या तिन्हींच्या पाठीमागे नऊ पिनांचे एकसारखेच तोंड असते. तार कोठेही बसते. परंतु एकरंगी मॉनिटरची आडवी रेघ सेकंदाला सुमारे १८,४०० वेळा ओढली जाते, रंगीत कार्डाची सुमारे १५,७०० वेळा. आयबीएमच्या जुन्या एकरंगी मॉनिटरला स्वतःचा आडवा ताल नव्हता. कार्ड जो देईल तो तो घेई. चुकीचा ताल मिळाला तर त्यातील उच्च दाबाचा विभाग जळू शकतो. १९८७ साली व्हीजीए आले तेव्हा पंधरा पिनांचे तोंड आले आणि हा घोळ मिटला. तेथे एखादी पिन वाकली तर पांढरा रंग पिवळा किंवा जांभळट दिसू शकतो. आणि दुसरी गोष्ट, मॉनिटरचे मागचे झाकण उघडू नये. यंत्र बंद केल्यावरही नळीत हजारो व्होल्टचा भार राहतो. ते काम शिकलेल्या माणसाचे.

असा शिकलेला माणूस आम्हांला मिळाला. सरांच्याच गल्लीत दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारे त्यांना काका म्हणतात. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘ताई, प्रिंटर आहे का?’’

प्रिंटर होता, सुयांच्या ठशांचा, जुना. त्याची फीत सुकली होती, पण दोन थेंब तेल सोडल्यावर फिकट का होईना अक्षर उठू लागले. काकांनी दोन कागद छापले. पहिला पडद्याची नक्कल करणारी कळ दाबून, दुसरा शब्दसंग्रहाची फाइल पडद्याला वगळून थेट प्रिंटरकडे पाठवून. पहिल्या कागदावर डॉलरच डॉलर आणि ‘एनुवेद’. दुसऱ्या कागदावर स्वच्छ ‘अनुवाद’! काकूंनी तो कागद हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

या दोन कागदांचा अर्थ काकांनी असा लावला. दुसरा कागद बरोबर, म्हणजे तबकडीवरील मूळ पाठ सुरक्षित. पहिला कागद चुकीचा, आणि पडद्याची नक्कल करताना संगणक मॉनिटरकडे पाहत नाही, तो कार्डाची स्मृती परत वाचतो. म्हणजे मॉनिटर, तार आणि अक्षरांचे खिळे हे तिन्ही निर्दोष. दोष स्मृतीत किंवा तिच्याकडे जाणाऱ्या वाटेत. जर हा पहिला कागद शुद्ध आला असता, तर आम्ही खिळ्यांकडे वळलो असतो. दोन कागदांनी निम्मे कार्ड निर्दोष ठरविले, तेही एकही स्क्रू न काढता.

पुढचे काम माझ्या आवाक्यातले होते. मी कागदावर चुकांची यादी केली. ‘ए’चा ‘ई’, ‘बी’चा ‘एफ’, ‘सी’चा ‘जी’, ‘पी’चा ‘टी’, शून्याचा चार, रिकाम्या जागेचा डॉलर. परंतु ‘ई’चा ‘ई’च, ‘एम’चा ‘एम’च. अक्षरांचे क्रमांक लिहिले तेव्हा नियम उघडा पडला. ‘ए’चा क्रमांक ६५, ‘ई’चा ६९. रिकाम्या जागेचा ३२, डॉलरचा ३६. प्रत्येक ठिकाणी चारची भर! संगणक हे क्रमांक आठ द्विमान अंकांत मांडतो. त्या आठ घरांची मूल्ये १, २, ४, ८ अशी दुपटीने १२८पर्यंत जातात. त्यांपैकी चारचे घर कायम भरलेले राहत होते. ज्या अक्षरात ते मुळातच भरलेले, ते अक्षर बदलत नव्हते. ‘मूळ’ हा शब्द रोमनमध्ये सर जसा लिहीत, त्या तिन्ही अक्षरांत चारचे घर भरलेलेच आहे. म्हणून साऱ्या संग्रहात ‘अनुवाद’ बिघडला होता आणि ‘मूळ’ तसेच होते. यावर आम्ही पोटभर हसलो. अक्षरांचे मंद वा ठळकपण सांगणाऱ्या अंकातही सामान्यतः ते घर भरलेलेच असते, म्हणून पडद्याचे रूप एरवी बदलले नव्हते.

एकचे घर अडकले असते तर रिकाम्या जागी उद्गारचिन्ह आले असते, दोनचे अडकले असते तर दुहेरी अवतरण, आठचे अडकले असते तर उघडता कंस. घर कायम रिकामे राहिले असते तर रिकाम्या जागा बहुधा स्वच्छच राहिल्या असत्या आणि केवळ अक्षरे बदलली असती. हा दोष अधिक फसवा, कारण पडदा निरोगी वाटतो.

सरांच्या कार्डावर स्मृतीच्या आठ आयसी होत्या आणि प्रत्येकीकडे एकेक घर. म्हणजे आठांतली एक. पण कोणती? कार्डावर ओळीने बसलेल्या आयसी घरांच्या क्रमाने असतातच असे नाही. काकांनी मीटर घेऊन खाचेच्या पट्टीपासून एकेका रेघेचा माग काढला आणि एकीवर खुणेचा ठिपका ठेवला. त्यांनी हेही सांगितले की दोष वाटेवरच्या बफर आयसीतही असू शकेल. तसे निघाले तर आपला अंदाज चुकला असे समजून पुढे जाऊ. निदान करणाऱ्याने हे आधी सांगावे, हे मला फार आवडले.

पण सोल्डर तापविण्यापूर्वी त्यांनी आम्हांला आणखी एक काम दिले. पडदा खोटा असला तरी आज्ञा खऱ्याच जातात, तेव्हा आधी साऱ्या फाइलींच्या प्रती काढा. त्या आम्ही फ्लॉपींवर काढल्या. आपण टंकित केलेले आपल्यालाच वेगळे दिसत असताना बोटांवर विश्वास ठेवणे कठीण जाते. यादीची तीन अक्षरी आज्ञा ‘डी-आय-आर’ दिली की पडद्यावर ‘डी-एम-व्ही’ दिसे, आणि तरीही यादी बिनचूक येई.

मग काकांनी जुनी आयसी काढली. तिचे पाय आधी कापले, आणि मग एकेका भोकातील सोल्डर शोषून घेतले. अखंड आयसी ओढून काढण्याच्या हट्टापायी कार्डावरील रेघा उखडतात. त्या जागी त्यांनी सोळा पायांची बैठक बसविली आणि भंगारातल्या एका मृत कार्डावरून काढलेली त्याच जातीची आयसी तीत खोचली. यंत्र सुरू केले. एकच ऱ्हस्व नाद झाला. मोजणी ६४० वर थांबली. पडदा हिरव्या अक्षरांचा आणि काळ्या, खरोखरीच रिकाम्या, जागांचा होता.

जाता जाता एक सांगते. १९८१चे आयबीएमचे रंगीत कार्ड ज्यांच्याकडे असेल त्यांना कधी कधी अक्षरांवर पांढरे कण भुरभुरताना दिसतील. तो बिघाड नव्हे. त्या कार्डाची स्मृती एका वेळी एकालाच भेट देते. नियंत्रक वाचत असताना प्रक्रियक मध्ये आला की त्या क्षणाचे अक्षर निसटते. ते कार्ड नवे होते तेव्हाही असेच होते. दुरुस्त करावयास जाल तर चांगल्या कार्डाचा बळी द्याल.

सरांच्या यंत्रातले एक काम तेव्हा उरले होते. मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियमची बॅटरी पाझरू लागली होती व भोवतीच्या रेघांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. काकांनी ती कापून टाकली आणि जागा व्हिनेगारने, मग अल्कोहोलने पुसली. बॅटरी गेली म्हणजे तबकडीचा प्रकार-क्रमांक यंत्र विसरणार. म्हणून तो क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून काकूंनी झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविला आहे.